चौकटीत चार मुलं नसतात : नववी-दहावीच्या मुलांना आनुवंशिकता कशी शिकवावी

“मॅडम, दादाला एसएस आलंय ना, मग आता आम्ही तिघी सुटलो.”

नववीतल्या एका मुलीनं हे इतक्या सुटकेच्या सुरात सांगितलं की काय बोलावं ते मला सुचेना. आदल्याच आठवड्यात तिनं चाचणीत, आईबाबांकडून मुलात जनुकांची कोणती जोडी येऊ शकते हे दाखवणारी चार घरांची चौकट अचूक काढली होती: एए, एएस, एएस, एसएस. एसएस म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण; बाकीच्या खुणा पायरी २ मध्ये येतील. पैकीच्या पैकी गुण मीच दिले होते. तिच्या लेखी मात्र त्या चार घरांत चार भावंडं बसली होती. एक घर दादानं घेतलं, उरलेली तीन बहिणींची.

त्यानंतर मी हा धडा शिकवण्याचा क्रम उलटा केला. मुलं आधी हातानं सोडत काढतात, मग मोजतात, आणि चौकट सगळ्यात शेवटी येते. तोच क्रम इथे सविस्तर देते आहे. तो शिक्षकांना उपयोगी पडेल, तसाच घरी मुलांशी बोलू पाहणाऱ्या पालकांना आणि गावात आरोग्याचं काम करणाऱ्यांनाही. उदाहरण सिकलसेलचं घेतलं आहे. विदर्भात, नंदुरबार-धुळ्याकडे, पालघरच्या पट्ट्यात हा आजार अनेक कुटुंबांत आहे. शिवाय तो एकाच जनुकातल्या बदलामुळे होतो, त्यामुळे त्याचं गणित स्वच्छ मांडता येतं.

साधारण पाच तासिका लागतात. वेळ कमी असेल तर पायरी ६ आणि ७ सोडा. पायरी ३ सोडू नका.

## आधीची तयारी

साहित्य. चाळीस मुलांच्या वर्गाला वीस जोड्या धरून ४० रिकाम्या काडेपेट्या आणि शर्टाची बटणं: ६० मरून, ६० पांढरी. बटणं एकाच मापाची, एकाच बनावटीची हवीत. मी सुरुवातीला चिंचोके वापरत होते. काही चिंचोके दगडावर घासून पांढरे केले, पण घासलेला भाग बोटाला खरखरीत लागतो आणि मुलं न बघताही नेमका हवा तो चिंचोका उचलतात. दुभंगलेला चिंचोका नाण्यासारखा उडवूनही पाहिला. त्याची एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, त्यामुळे तो दोन्ही बाजूंवर सारखा पडेल याचा भरवसा नाही. सोडत निष्पक्ष नसेल तर सगळा धडाच चुकीचा शिकवला जातो. म्हणून बटणं.

वर्गाची माहिती. वर्गात दत्तक मूल आहे का, कुणाच्या आईवडिलांचं दुसरं लग्न झालं आहे का, कुणी सिकलसेलचा रुग्ण आहे का, हे वर्गशिक्षकांना एकट्यात विचारून घ्या. वर्गात हात वर करायला लावून कधीही विचारू नका.

आरोग्य केंद्राशी बोलणं. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी कोणत्या दिवशी होते आणि समुपदेशन कोण करतं हे आधी विचारून ठेवा. आठव्या पायरीला हा प्रश्न हमखास येतो आणि तेव्हा “बघून सांगते” म्हणणं बरं नाही.

काय टाळायचं. जीभ नळीसारखी वळवता येते का, कानाची पाळी चिकटलेली आहे की सुटी, गालाला खळी पडते का, हे तक्ते भरून घेण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. ते बंद करा. हे गुण एका जनुकाच्या साध्या नियमानं चालत नाहीत. अगदी एकसारख्या जुळ्यांतसुद्धा एकाला जीभ वळवता येते आणि दुसऱ्याला येत नाही, अशी उदाहरणं आहेत. तरीही मूल तक्ता घेऊन घरी जातं, आईबाबांशी जुळवून बघतं, जुळत नाही, आणि रात्रभर नको तो विचार करत बसतं.

> इशारा : “आपापल्या घराची वंशावळ काढून आणा” हा गृहपाठ देऊ नका. कारण पायरी ५ मध्ये येईल.

## पायरी १ : तीन ढीग

फळ्यावर किंवा चिठ्ठ्यांवर वीसेक गोष्टी लिहा: रक्तगट, टोचलेले कान, उंची, मातृभाषा, भाजल्याचा डाग, त्वचेचा रंग, हस्ताक्षर, सिकलसेल, मधुमेह, टक्कल, डावखुरेपणा, पोहता येणं, असं काहीही. मुलांना तीन ढीग करायला सांगा: जन्मतः आलेलं, नंतर मिळालेलं, आणि दोन्ही मिळून झालेलं.

वाद होतील, होऊ द्या. मधुमेहावर तर होतोच. “आमच्या घराण्यात आहे” आणि “गोड खाल्ल्यानं होतो” असे दोन पक्ष पडतात. तो तिसऱ्या ढिगात जातो: कल वारशानं येतो, पण आहार, वजन, हालचाल यांचाही वाटा असतो.

नंतर मिळालेलं पुढच्या पिढीत उतरत नाही हे सांगायला टोचलेल्या कानांपेक्षा चांगलं उदाहरण नाही. पणजी, आजी, आई, सगळ्यांचे कान टोचले. तरी प्रत्येक बाळ न टोचलेले कान घेऊनच जन्माला येतं आणि सोनाराला पुन्हा बोलवावं लागतं.

नेहमीची चूक : वाणी आणि वळण. “बोलणं अगदी बापासारखं” हे रक्तात आलं असं मुलं म्हणतात. आवाजाच्या पट्टीत शरीराच्या ठेवणीचा भाग असतो, पण बोलण्याची ढब सहवासानं येते. दोन्ही वेगळं करून दाखवा.

## पायरी २ : ‘रक्त’ बाजूला, ‘जोडी’ पुढे

“रक्ताचं नातं”, “रक्तातच आहे” हे आपण दिवसभर बोलतो. त्यामुळे मुलांच्या डोक्यात चित्र असतं ते दोन रंगांची पाणी एकत्र ओतल्याचं: आईचं थोडं, बाबांचं थोडं, मिसळून मी. हे चित्र पुसल्याशिवाय पुढे जाऊ नका. मिसळलेला रंग पुन्हा वेगळा होत नाही. वारसा मात्र आजीपासून नातवापर्यंत मधली पिढी गाळून जसाच्या तसा उमटू शकतो.

बोलायचं ते एवढंच. प्रत्येक जनुकाची आपल्याकडे जोडी असते. त्यातलं एक आईकडून आलं, एक बाबांकडून. आपण पुढे देताना जोडीतलं एकच देतो, आणि ते कोणतं द्यायचं हे आपल्या हातात नसतं.

आता काडेपेटी वाटा. काडेपेटी म्हणजे माणूस, आतली दोन बटणं म्हणजे जोडी. मरून बटण म्हणजे नेहमीच्या हिमोग्लोबिनचं जनुक, ‘ए’. पांढरं म्हणजे सिकल हिमोग्लोबिनचं, ‘एस’. दोन मरून असतील तर एए. एक मरून, एक पांढरं असेल तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही पांढरी असतील तर एसएस, म्हणजे रुग्ण.

हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. ते लिंग ठरवणारं गुणसूत्र नसल्यामुळे हा वारसा मुलगा-मुलगी दोघांत सारखाच उतरतो आणि आई-बाबा दोघांकडून सारखाच येतो. हे मुद्दाम सांगा. गावोगाव अजूनही आजार आईच्या अंगावर ढकलला जातो.

> तपासणी : एका मुलाला विचारा, “एएस माणसाच्या अंगात सिकलचं जनुक आहे, मग तो आजारी का नाही?” उत्तरात ‘दुसरं बटण मरून आहे, त्यामुळे नेहमीचं हिमोग्लोबिनही बनतं’ असं काही आलं पाहिजे. ‘अर्धा आजारी आहे’ असं आलं तर थांबा. वाहक म्हणजे अर्धा रुग्ण नव्हे. एएसचं वय वाढल्यावर एसएस होत नाही. जेवणातून, स्पर्शातून, एका बाटलीचं पाणी प्यायल्यानं ते दुसऱ्याला लागत नाही.

## पायरी ३ : सोडत

सगळा धडा या पायरीवर उभा आहे. पूर्ण तासिका द्या. वर्गात गोंगाट होईल, तो सहन करा.

१. प्रत्येक जोडीतला एक जण ‘आई’, दुसरा ‘बाबा’. दोघांच्याही काडेपेटीत एक मरून, एक पांढरं बटण, म्हणजे दोघंही वाहक. फळ्यावर ‘एएस आई, एएस बाबा’ असं लिहा.

२. काडेपेटी बंद करून हलवायची. थोडी उघडून, न बघता, एकानं एक बटण काढायचं. दुसऱ्यानंही तसंच. दोन बटणं शेजारी ठेवली की झालं पहिलं मूल. वहीत नोंद: ‘१. एएस’.

३. बटणं परत आपापल्या काडेपेटीत टाकायची. ही सूचना मोठ्यानं, दोनदा द्या. मुलं सगळ्यात जास्त चुकतात ती इथेच. बटण परत टाकलं नाही तर दुसऱ्या मुलाला उरलेलं बटण मिळतं आणि ‘एकाला मिळालं की दुसरा सुटला’ हा गैरसमज खेळातूनच पक्का होतो. आई एक जनुक देऊन मोकळी होत नाही. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी तिच्याकडे तीच जोडी पुन्हा पूर्ण असते.

४. पुन्हा हलवायचं, दुसरं मूल. असं करत प्रत्येक जोडीनं चार मुलांची नोंद करायची.

आता फळ्यावर दोन तक्ते आखा. पहिला कुटुंबांचा: कुणाकडे चारात एकही एसएस आलं नाही, कुणाकडे एक, कुणाकडे दोन, तीन, चार. मुलांना हात वर करायला सांगून मोजा.

वीस कुटुंबांत साधारण असं दिसतं: सहा-सात कुटुंबांत एकही एसएस नाही, आठ-नऊ कुटुंबांत बरोबर एक, चारेक कुटुंबांत दोन, आणि एखाद्या कुटुंबात तीन. चारही एसएस येण्याची शक्यता २५६ मध्ये १ असते, त्यामुळे ते वर्गात क्वचितच दिसेल. तुमच्या वर्गाचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील आणि ते व्हायलाच हवेत.

तक्ता पूर्ण झाला की गप्प राहा, मुलांना बघू द्या. ‘चारात एक’ हे ज्या कुटुंबात अगदी तसंच घडलं, अशी कुटुंबं निम्म्याहून कमी निघतात. माझ्या वर्गात हे पाहून एक मुलगा उठला आणि त्यानं शेजारच्या जोडीची वही उचलून पुन्हा मोजली. तीन एसएस होते त्यांच्याकडे. “पण यांनी काही चूक केली नाही, मी बघत होतो,” तो म्हणाला. मला हेच वाक्य ऐकायचं होतं. तीन आजारी मुलं असलेल्या आईबापांनीही काही चूक केलेली नसते, हे त्या वयात हातातल्या बटणांनी कळलं तर ते विसरत नाही.

दुसरा तक्ता सगळ्या वर्गाचा: एकूण ८० मुलांत एए किती, एएस किती, एसएस किती. इथे आकडे २०, ४०, २० च्या आसपास येतात. म्हणजे ‘चारात एक’ हे मोठ्या संख्येत दिसतं, एका घरात दिसेलच असं नाही. हा तक्ता पुसू नका. पाचव्या पायरीत लागणार आहे.

आकडे फारच वेगळे आले, समजा एसएस ३५ निघाले, तर आधी बटणं बघा. मापात फरक असेल किंवा कुणी परत टाकायला विसरलं असेल.

> तपासणी : तोंडी विचारा, “पहिली तीन मुलं एए झाली. चौथं एसएस होण्याची शक्यता किती?” पाव. “पहिली तीन एसएस झाली, आता चौथं?” तरीही पाव. उत्तर ‘आता नक्की होणार’ किंवा ‘आता नाही होणार’ असं येत असेल तर त्या मुलाच्या हातात काडेपेटी द्या आणि विचारा, “आधीचं मूल काय झालं हे या बटणांना कसं कळणार?”

‘तीन मुलींनंतर आता मुलगा व्हायलाच हवा’ हाही त्याच जातीचा गैरसमज. मुलं ही तुलना स्वतःहून करतात. केली की लगेच जोडून सांगा: लिंग ठरवणारी आईची दोन्ही गुणसूत्रं एक्सच असतात, मुलगा होण्यासाठी लागणारं वाय गुणसूत्र फक्त बाबांकडून येतं. मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणाऱ्या घरांतली मुलं तुमच्यासमोर बसलेली असतात. त्यांना हे शांतपणे, एकदाच, स्पष्ट सांगा.

उरलेल्या जोड्या. आता काडेपेट्या बदलून पुन्हा सोडत काढा. एएस आणि एए असेल तर मुलं निम्मी एए, निम्मी एएस, एसएस एकही नाही. एएस आणि एसएस असेल तर निम्मी एएस, निम्मी एसएस. एसएस आणि एए असेल तर सगळी एएस. हा शेवटचा प्रकार मुलांना चकित करतो: एक पालक रुग्ण असूनही एकही मूल रुग्ण नाही. साठ-साठ बटणं आणायला सांगितली ती यासाठीच.

## पायरी ४ : आता चौकट

चौकट काढायला पाच मिनिटं पुरतात, कारण मुलांनी ती हातानं आधीच केली आहे. वर आईची दोन बटणं, बाजूला बाबांची दोन, आत चार घरं.

प्रत्येक चौकटीखाली एक ओळ सक्तीनं लिहून घ्या: ‘ही चार घरं म्हणजे चार मुलं नव्हेत. प्रत्येक मुलाच्या वेळी घडू शकणाऱ्या या चार गोष्टी आहेत.’ ही ओळ नसेल तर मी गुण कापते. परीक्षेत ती मागत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

नेहमीच्या चुका : एएस आणि एसए ही दोन वेगळी माणसं आहेत असं मानणं. आईचीच दोन्ही बटणं एका घरात भरणं. शक्यता विचारली की ‘१ मूल’ असं उत्तर देणं. शक्यता ‘चारात एक’, ‘पाव’ किंवा ‘२५ टक्के’ अशी सांगतात, मुलांची संख्या म्हणून सांगत नाहीत.

## पायरी ५ : वंशावळ, पण कुणाच्या घरची नव्हे

वंशावळ कल्पनेतल्या कुटुंबाचीच काढा. खऱ्या घराची काढायला लावली की दत्तक मुलाला कोरा कागद घेऊन बसावं लागतं, वडील सोडून गेलेल्या मुलीला सगळ्यांसमोर अर्धी बाजू रिकामी ठेवावी लागते, आणि कुणाची आत्या वाहक आहे हे मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर होतं. एएस असल्याच्या कुजबुजीवरून ठरलेली लग्नं मोडतात. ही माहिती ज्याची त्याची असते. वर्गाला ती मागण्याचा हक्क नाही.

खुणा: पुरुष चौकोन, स्त्री वर्तुळ. रुग्ण असेल तर पूर्ण भरलेली खूण, वाहक असेल तर अर्धी भरलेली. लग्नाची आडवी रेघ, नात्यात लग्न असेल तर दुहेरी रेघ. मृत व्यक्तीवर तिरकी रेघ.

क्रम महत्त्वाचा. मुलं वरून, पणजोबांपासून सुरुवात करतात आणि खाली जागा पुरत नाही. आपण खालून सुरू करायचं: ज्याच्याबद्दल प्रश्न आहे तो, मग त्याची भावंडं, मग आईबाबा, मग आईकडचे, मग बाबांकडचे. आपल्या भाषेची इथे फार मदत होते. काका, मामा, आत्या, मावशी, चुलतभाऊ, मामेबहीण: नातं उच्चारलं की कोणत्या बाजूचं ते आपोआप ठरतं. म्हणून वंशावळीत नुसतं ‘भाऊ’ लिहू देऊ नका. मामेभाऊ की आतेभाऊ, ते लिहिलंच पाहिजे.

सरावासाठी हे कुटुंब घ्या. गौरी पंधरा वर्षांची, तिला काही त्रास नाही, तपासणी झालेली नाही. तिचा धाकटा भाऊ राजू एसएस. आईबाबा दोघंही धडधाकट. आईच्या आईची तपासणी झाली आहे, ती एएस. आईचे वडील एए. एक मामा आहे, त्याला एक मुलगी आहे.

प्रश्न पहिला: आईबाबांबद्दल काय नक्की सांगता येईल? दोघंही एएस. राजूची दोन पांढरी बटणं दोन बाजूंनी आली आहेत आणि दोघंही आजारी नाहीत.

प्रश्न दुसरा: गौरी वाहक असण्याची शक्यता किती? जवळजवळ सगळा वर्ग ‘निम्मी’ म्हणतो, कारण चौकटीत चारांपैकी दोन घरं एएसची आहेत. पण गौरी आजारी नाही हे आपल्याला ठाऊक आहे. आता ८० मुलांच्या तक्त्याकडे जा आणि एसएसची सगळी मुलं खोडा. उरली साधारण ६०, त्यांत एएस साधारण ४०. म्हणजे तीनात दोन. हातानं काढलेल्या आकड्यांतून हे उत्तर आलं की पटतं. नुसतं सूत्र सांगून पटत नाही, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे.

प्रश्न तिसरा: मामा वाहक असण्याची शक्यता? निम्मी. मामी एए असेल तर मामेबहिणीची? पाव.

मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे बऱ्याच समाजांत आहे. त्यामुळे मुलं हा प्रश्न विचारतातच. वंशावळीवर बोट ठेवून दाखवा: आजीचं एकच पांढरं बटण एका वाटेनं लेकीच्या मुलांकडे येऊ शकतं, दुसऱ्या वाटेनं लेकाच्या मुलीकडे, आणि नात्यात लग्न झालं तर ती दोन्ही बटणं एका मुलात पुन्हा भेटू शकतात. एवढंच सांगा. नात्यात लग्न झालेल्या आईबापांची मुलं वर्गात असतात. त्यांच्या घरावर शेरा मारण्याची ही जागा नव्हे.

## पायरी ६ : रक्तगट, फार सांभाळून

रक्तगट सगळ्यांना ठाऊक असतो म्हणून शिक्षक तो उदाहरणाला घेतात. घ्या, पण कुणाच्या घरचे रक्तगट फळ्यावर घेऊ नका.

आई ए, बाबा बी, मूल ओ. हे शक्य आहे, कारण ए गटाच्या माणसाच्या जोडीत दुसरं जनुक ओ असू शकतं, बीच्याही असू शकतं. आईबाबा दोघंही आरएच पॉझिटिव्ह आणि मूल निगेटिव्ह, हेही शक्य आहे. एक पालक एबी आणि दुसरा ओ असेल, तर मूल सहसा ए किंवा बी असतं.

‘सहसा’ हा शब्द गाळू नका. १९५२ साली मुंबईत प्रथम नोंदलेला ‘बॉम्बे रक्तगट’ याच कारणासाठी सांगायला हवा. या व्यक्तींच्या रक्तपेशींवर एच नावाचा मूळ घटकच बनत नाही, त्यामुळे ए किंवा बीचं जनुक असलं तरी ते प्रकट होत नाही आणि नेहमीच्या तपासणीत गट ओ दिसतो. अशा ‘ओ’ आईला एबी मूल होऊ शकतं. भारतात साधारण दहा हजारांत एक असं त्याचं प्रमाण सांगतात. शिवाय जुन्या कार्डावर गट चुकीचा लिहिलेला असू शकतो. थोडक्यात, रक्तगट जुळत नाही एवढ्यावरून कुणीही आईबापांबद्दल काहीही ठरवू नये.

‘नवरा-बायकोचा रक्तगट एकच असेल तर मुलात दोष येतो’ हे मुलं घरून ऐकून येतात. ते खरं नाही. लक्ष ठेवायची गोष्ट वेगळी आहे: आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला त्रास होऊ शकतो, आणि त्यासाठी डॉक्टर वेळेवर इंजेक्शन देतात.

## पायरी ७ : मामावर गेलेला, आणि सावळा-गोरा

दोन गोष्टी थोडक्यात.

लाल-हिरवा रंग ओळखता न येणं आणि हिमोफिलिया (रक्त लवकर न गोठण्याचा आजार) यांची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. मुलग्याला एक्स फक्त आईकडून मिळतं. म्हणून आजोबांचं रंगांधत्व लेकीत न दिसता नातवात उतरू शकतं, आणि भाचा खरोखरच मामावर जातो. वडिलांचं एक्स मुलाकडे जातच नाही, मुलीकडे जातं.

त्वचेचा रंग आणि उंची अनेक जनुकांवर ठरतात. पाच जोड्या काडेपेट्या घ्या, प्रत्येकीत एक मरून, एक पांढरं बटण. प्रत्येकीतून एकेक काढून दहा बटणांत मरून किती ते मोजा. बहुतेकांकडे चार, पाच, सहा येतात, एखाद्याकडे दोन किंवा आठ. एकाच आईबापांची मुलं, एक उजळ, एक सावळी, हे इथे दिसतं. ज्या मुलीला घरी तिच्या रंगावरून ‘तू कुणावर गेलीस’ असं ऐकवलं जातं, ती ही बटणं फार लक्षपूर्वक मोजते.

## पायरी ८ : चिठ्ठ्या

शेवटच्या तासिकेच्या आदल्या दिवशी एक बंद डबा ठेवा आणि सगळ्यांना चिठ्ठी टाकायला सांगा. प्रश्न नसेल तर ‘प्रश्न नाही’ असं लिहायचं, म्हणजे कोण लिहितंय हे कुणाला कळत नाही. चिठ्ठ्या घरी वाचा, तयारी करून या. हमखास येणारे प्रश्न आणि सांगायची उत्तरं अशी:

*तपासणी कशी करतात?* बोटातल्या रक्ताच्या थेंबावर आधी विद्राव्यता चाचणी, म्हणजे सोल्युबिलिटी. ती पॉझिटिव्ह आली एवढ्यावरून एएस की एसएस हे ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. अर्धवट निकालावरून कुणालाही रुग्ण म्हणू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात आणि नुकतंच रक्त चढवलेल्या माणसात ही पहिली चाचणी फसवू शकते.

*तपासणी कुठे?* प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात. २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू आहे आणि त्यात शून्य ते चाळीस वयाच्या लोकांची तपासणी होते. मुलांनी आईबाबांबरोबर जावं. वर्गानं एकत्र जाऊन निकाल एकमेकांना दाखवू नयेत.

*मी एएस असेन तर खेळू नको का?* खेळावं. पाणी प्यावं, उन्हात दम लागला तर थांबावं. एसएस मुलाला मात्र तहान, थंडी, ताप आणि अति श्रम यांमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. त्याला वर्गात पाण्याची बाटली आणि लघवीला जायची मोकळीक कधीही नाकारू नका.

*औषध आहे का?* हायड्रॉक्सियुरियासारखी औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात, त्यांनी झटके कमी होतात.

*दोन वाहकांनी लग्न करू नये का?* या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देऊ नका. प्रत्येक गर्भधारणेत पाव शक्यता एसएसची, हे त्यांना आता ठाऊक आहे. लग्नाआधी दोघांनी तपासून घेतलं तर निर्णय डोळसपणे घेता येतो, गर्भाचीही तपासणी होते, आणि समुपदेशक हे सगळं समजावून सांगतात, इतकं सांगा. निर्णय त्यांचा.

> इशारा : चिठ्ठीतून कुणी रुग्ण किंवा वाहक आहे असं कळलं, तरी अक्षर ओळखून त्या मुलाशी वर्गात बोलू नका. ‘ज्यांना बोलायचं असेल त्यांनी सुटल्यावर या’ असं सगळ्यांना सांगा आणि त्या दिवशी खरोखर थांबा.

## तीन आठवड्यांनी

न सांगता, कागदावर, नाव न लिहिता हा एकच प्रश्न द्या: ‘आईबाबा दोघंही एएस. पहिलं मूल एसएस. दुसऱ्या मुलाची एसएस असण्याची शक्यता किती, आणि का?’

‘पाव’ हे उत्तर पुरेसं नाही, ‘का’ वाचा. ‘बटणं परत काडेपेटीत गेली’ असं मुलांच्या शब्दांत काहीतरी लिहिलेलं असेल तर पुढच्या धड्याकडे वळा. पाचाहून जास्त कागदांवर ‘शून्य’, ‘तीनात एक’ किंवा कारण न देता नुसती चौकट असेल, तर दुसऱ्या दिवशी काडेपेट्या पुन्हा बाहेर काढा आणि पायरी ३ मधली तिसरी सूचना पुन्हा मोठ्यानं द्या.